टॉमाहॉक घ्यायचाय: फेकायला, रानात न्यायला आणि 'वेळ आली तर'. कोणता घेऊ?

भांडुपचा_भटक्या

मंडळी, नमस्कार.

माझा मेव्हणा न्यू जर्सीला असतो. दिवाळीला येतोय आणि "भावजी, तुम्हाला काय आणू?" म्हणून तिसऱ्यांदा विचारून झालंय. बायकोची यादी केव्हाच गेली. माझ्या मनात एकच वस्तू आहे, टॉमाहॉक, म्हणजे एका हाताने चालवायची हलकी कुऱ्हाड. वर्षभर रात्री जेवणं झाली की व्हिडिओ बघत बसतो, बायको म्हणते या माणसाला आता स्वप्नात कुऱ्हाडी दिसत असतील. दिसतात.

कशाला हवाय ते सांगतो, म्हणजे उगाच "तुला गरज काय" असं कोणी म्हणायला नको. (म्हणालच, माहीत आहे.)

एक म्हणजे फेकायला. सासऱ्यांची मुरबाडजवळ दीड एकर जमीन आहे. महिन्यातून एखादा रविवार तिकडे जातो. शेतघरामागे मोकळी जागा आहे, तिथे ओंडका उभा करून फेकायची हौस आहे. दुसरं, ट्रेक. पावसाळा संपला की आमचा सहा जणांचा ग्रुप मुक्कामी जातो. सरपण तोडायला, तंबूच्या खुंट्या ठोकायला काहीतरी हवंच असतं.

तिसरं जरा घरचं आहे. २६ जुलै २००५ ला मी अकरावीत होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला कलिन्याचा तो रस्ता आठवतो, जो मी पाहिलेलाच नाही, फक्त बाबांकडून ऐकलाय. ते टॅक्सीत होते, पाणी सीटवर आलं, दार उघडेना. गाडी जुनी पद्मिनी होती, काच हाताने फिरवायची, म्हणून खिडकीतून बाहेर आले. त्या दिवशी बंद गाड्यांत माणसं गेली. आता माझ्या गाडीच्या काचा बटणावर चालतात. मागे टोक असलेला टॉमाहॉक सीटखाली ठेवला तर बरं, असं वाटतं.

बजेट शंभर डॉलरच्या आत. बघून ठेवलेले चार:

एसओजीचा टॅक्टिकल टॉमाहॉक. पावणेसोळा इंच लांब, वजन साधारण ६८० ग्रॅम, ४२० स्टेनलेसचं डोकं, नायलॉनचा दांडा, मागे टोक. दिसायला एक नंबर.

कोल्ड स्टीलचा ट्रेल हॉक. हिकरी लाकडाचा लांब दांडा, मागे हातोडीसारखं बूड. दिसायला शेतातलाच वाटतो.

सीआरकेटीचा वूड्स चोगन. हाही लाकडी दांड्याचा, आरएमजे नावाच्या टॉमाहॉक कंपनीच्या रायन जॉन्सनने डिझाइन केलेला.

एस्टविंगचा ब्लॅक ईगल. डोकं-दांडा सगळं एकाच पोलादी तुकड्यातलं, मुठीला रबरासारखं आवरण असतं तसला.

यातला एकच घ्यायचाय, तिन्ही कामांना चालेल असा. कोणी वापरलाय का खरोखर? व्हिडिओ सोडून बोला.

---

पान_नंबर_चार

मी वकील नाही. वकिलाच्या ऑफिसात सतरा वर्षं टायपिंग करतोय, तेवढीच माझी सनद.

शस्त्र अधिनियम १९५९, त्याखालच्या नियमांना जोडलेली यादी, पाचवा वर्ग. तलवार, खंजीर, भाला यांच्याच ओळीत लढाईची कुऱ्हाड नाव घेऊन लिहिलेली आहे. पुढे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तशीच इतर हत्यारं. यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. म्हणजे सासऱ्यांची कुऱ्हाड तुझ्या टॉमाहॉकच्या दुप्पट असली तरी ती शेतीची. तुझ्या खोक्यावर 'टॅक्टिकल' छापलेलं असणार, आणि शेतात टॅक्टिकल काय असतं ते तू साहेबाला समजावून सांगणार. शस्त्र बाहेरून आणायला परवाना लागतो, हेही त्याच कायद्यात आहे. मेव्हण्याला विमानतळावर उभं करण्याआधी विचार कर.

आणि सीटखाली ठेवायची कल्पना तर सोडूनच दे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. आयुक्तांचे मनाईचे आदेश मुंबईत एकामागून एक निघत असतात, सार्वजनिक ठिकाणी हत्यार बाळगायचं नाही म्हणून. नाकाबंदीत डिकी उघडली की "साहेब, २६ जुलै" हे उत्तर चालत नाही.

---

कानस

वर चार नंबरवाल्यांनी कायद्याचं सांगितलं ते बरं झालं, मला त्यातलं कळत नाही. मला लोखंडातलं थोडं कळतं.

आधी ओळख देतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. वय सदुसष्ट, लालबाग, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. १९७७ ला मिलच्या मशीन शॉपला चिकटलो. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा पाच वर्षंही पुरी नव्हती. मिल परत सुरू झाली ती माझ्यासाठी नव्हे. मग नागदेवीला एका हत्यारांच्या पेढीवर एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी ग्राइंडरपुढे. ड्रिल, छिन्न्या, रंधे, कसायांचे सुरे, केटरिंगवाल्यांच्या सुऱ्या, काय काय धारेला आलं त्याचा हिशेब नाही. भाचा अमेरिकेतून ट्रेल हॉक घेऊन आला त्याला सहा वर्षं झाली. कर्जतला त्याचं घर आहे, परसात आम्ही दोघं फेकतो. माझी बायको याला म्हातारचळ म्हणते.

आता भटक्याभाऊ, तुझ्या यादीतले दोन-दोनचे गट कर. लाकडी दांड्याचे दोन एकीकडे, बाकीचे दोन दुसरीकडे. खरा फरक तोच, पातं-टोक वगैरे नंतर.

लाकडीवाल्याचं नेढं, म्हणजे डोक्यातलं दांडा घालायचं भोक, बघ. आपली कुदळ आठव. कुदळीचा दांडा वरून घालतात, तो वरच्या टोकाला जाड असतो, खाली निमुळता. जितकं वापरशील तितकं डोकं त्या जाड भागावर घट्ट बसत जातं. पाचर नाही, खिळा नाही. दांडा मोडला तर खालून ठोकायचा, डोकं मोकळं. टॉमाहॉक अगदी तसाच. आपल्याकडच्या लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीला पाचर मारावी लागते, याला नाही. रेड इंडियन लोकांना युरोपातल्या व्यापाऱ्यांनी लोखंडी डोकी विकली आणि त्यांनी रानात मिळेल त्या लाकडाचा दांडा घातला. हा सोपेपणा कुठून आला ते यात दिसतं. नावसुद्धा व्हर्जिनियाकडच्या पौहॅटन लोकांच्या भाषेतलं. ट्रेल हॉकच्या डोक्याला बाजूने एक बारका स्क्रू देतात, डोकं हलू नये म्हणून. मी तो पहिल्याच दिवशी काढून डबीत टाकला. लाकडाला खड्डा पाडतो आणि मोडायचं तर दांडा नेमका तिथेच मोडतो.

मोडतो म्हणजे मोडतोच. फेकायला शिकताना दांडा मोडणं हा खर्चच धर. मी पहिल्या चार महिन्यांत दोन मोडले. नेम चुकला की डोक्याऐवजी दांडा ओंडक्यावर आपटतो. पहिला हिकरीचा होता, दुसरा मी शहाणपणा करून बाजारातल्या तयार सागवानी दांड्यातून तासला. साग दिसायला देखणा, पण असल्या धक्क्याला कामाचा नाही, तिसऱ्या फेकीला चिरला. मग गावाहून धामणीचं लाकूड आणलं. धामण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुनी माणसं कुऱ्हाडीचे दांडे, कावडीच्या काठ्या, मुलांची धनुष्यं याच लाकडाची करायची. वाकतं, पण तुटत नाही. तो दांडा अजून चालू आहे, साडेपाच वर्षं. घडवताना पट्टीसारखा चपटा-लांबट गोल ठेवला, म्हणजे अंधारात हातात धरला तरी धार कुठल्या बाजूला आहे ते कळतं. नेढ्याच्या आकाराप्रमाणे तासायचा, घाई करायची नाही, काळा पडेल तिथे खरवडायचा. म्हणजे नेढ्याला आतून काजळी लावायची, दांडा घालून ठोकायचा, काढायचा, जिथे काळं उमटेल तिथेच लाकूड जास्त आहे. मशीन शॉपमध्ये आम्ही निळा रंग लावून बेअरिंग स्क्रॅप करायचो, तेच तंत्र.

आता दुसरा गट. एकसंध पोलादाचा असेल तर दांडा मोडायचा प्रश्न मिटला. पण फेकलेली वस्तू ओंडक्यावर चुकीची आपटली की ती शक्ती कुठेतरी जाणार. लाकूड थोडी खातं, डोकं दांड्यावर सरकून थोडी खातं. एकसंध पोलाद काही खात नाही, जशीच्या तशी परत पाठवतं. ते उसळून मागे येतं. बोल्टने डोकं बसवलेला कुठल्याही कंपनीचा असो, फेकायला वापरलास तर दर वेळी बोल्ट तपासायचे, हलक्या कामाला हा नियम नाही पण फेकायला आहे. ज्याच्या आयुष्यात आधीच पन्नास नटबोल्ट आवळायचे आहेत त्याने आणखी कशाला घ्यावेत?

मागच्या टोकाचं म्हणशील तर त्याचा इतिहास आहे. १९६६ साली पीटर लगाना नावाच्या माणसाने, जो स्वतः दुसऱ्या महायुद्धातला मरीन होता, व्हिएतनामला जाणाऱ्या सैनिकांसाठी टॉमाहॉक बनवायला घेतला. पुढे धार, मागे टोक, ही आज जी 'टॅक्टिकल' आकृती दिसते ती तिथून आली. एसओजीवाला त्याच घराण्यातला. सैनिकाला ते टोक कशाला हवं ते उघड आहे. तुला कशाला हवंय? मुरबाडला फेकताना टोकाचा एकच उपयोग: उसळून परत आला की दोन बाजूंनी लागण्याची सोय. बूड चपटं असेल तर खुंटी ठोकता येते, दगडाने ठोकण्यापेक्षा बरी. आपल्या कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बुडाने, गावाला काय काय होतं, खुंट ठोकण्यापासून नारळ फोडण्यापर्यंत, ते आठव.

पोलाद. लोक याच्यावर फार भांडतात, मी दोन ओळींत उरकतो. १०५५ म्हणजे साधं कार्बन स्टील, शेकडा अर्ध्याहून थोडं जास्त कार्बन. बडवायला चांगलं, धार कानशीने लागते, गंजतं. ४२० म्हणजे स्टेनलेस, गंजायला वेळ लावतं, मऊ बाजूचं आहे, धार लवकर मुडते पण तुकडा उडत नाही. सुरी आणि कुऱ्हाड यांत फरक हाच, कुऱ्हाडीला फार कडक पाणी पाजायचं नसतं. रॉकवेलवर, म्हणजे कडकपणाच्या मापावर, ५० ते ५५ च्या आसपास बस. सुरीसारखी ५८-६० ला नेलीस तर गाठीवर पहिल्याच घावात धारेची कपची जाईल. नवी कानस घे आणि धारेवर ओढ. घसरली, काच घासल्यासारखी, तर फार कडक. लोण्यासारखी खाल्ली तर फार मऊ. किंचित अडखळत चावली तर बरोबर.

मुंबईत गंज हा मात्र दोन ओळींत उरकायचा विषय नाही. इथली हवा खारी आणि ओली. जूनमध्ये चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवलंस की ऑगस्टमध्ये म्यानाला पांढरी बुरशी आणि पात्याला लाल ठिपके. चामडं ओल धरतं. म्यान वेगळं, हत्यार वेगळं, पात्याला शिलाई मशीनचं तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळायचं. खोबरेल लावू नका, चिकट होतं, वर धूळ धरते. दांड्याला जवसाचं तेल, वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपती झाल्यावर. मेमध्ये लाकूड आटतं, डोकं सैल होतं. घाबरायचं नाही, दांडा उलटा धरून त्याचं वरचं जाड टोक दगडावर दोनदा आपटलं की डोकं जागेवर बसतं.

राहिला ट्रेक. त्याबद्दल माझं मत कडू आहे. संगमेश्वरला माझा काका कमरेला आकडी बांधून त्यात कोयती अडकवून रानात जायचा. सरपण तोडणं, काटेरी बाजूला सारणं, कारवी कापणं, आंब्याची आडवी फांदी छाटणं, सगळं त्या एका कोयतीवर. ती कोयती गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलेली होती. पाट्याचं पोलाद आपल्याकडे ईएन ४५ जातीचं असतं. स्प्रिंग म्हणून जे पोलाद वर्षानुवर्षं वाकून सरळ होतं, ते हत्याराला वाईट कसं असेल? सह्याद्रीत तुला ओंडके फोडायचे नाहीत. करवंदी, घाणेरी, कारवी, बांबू, हे सगळं पातळ आणि लवचीक. त्याला लांब पातं लागतं, जे ओढत कापतं. सव्वादोन इंचांची धार घेऊन करवंदीच्या जाळीत गेलास तर हाताची सालं निघतील आणि जाळी तिथेच राहील.

म्हणून माझं म्हणणं: फेकायला लाकडी दांड्याचा, आणि तो फक्त फेकायला. तिन्हींना एक घेतलास तर तिन्हींना अर्धा पुरेल.

---

भांडुपचा_भटक्या

काका, हात जोडले. इतकं सविस्तर मी माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टलाही लिहिलं नव्हतं.

चार नंबरदादा, तुमचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली यांना आधीच इथे आणायला हवं होतं.

दोन शंका. लाकडी दोनांतला कोणता, ट्रेल हॉक की चोगन? आणि काका, उसळून आलेला कधी लागलाय का कोणाला? व्हिडिओत तर सगळ्यांचा खाटकन रुततो.

---

रानजाई

मी ट्रेकवाली, बोरिवली. पंधरा वर्षं झाली, त्यातली सात-आठ शोध आणि बचावाच्या कामात जाते. भटक्या, तुझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणावर बोलते.

तुम्ही मुक्कामाला कुठे जाता? हरिश्चंद्रगड? रतनगड? कळसूबाई? तो सगळा भाग अभयारण्यात आहे. भीमाशंकर अभयारण्य. कर्नाळा पक्षी अभयारण्य. माझ्या घरामागचं नॅशनल पार्क तर सोडूनच दे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ३१ आहे, अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जायचं नाही. राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. आणि हत्याराची जी व्याख्या त्या कायद्यात आहे तिच्यात सुरीसुद्धा येते. तेव्हा काकांची कोयती असो की तुझा टॉमाहॉक, चेकपोस्टवर दोघांची गत एकच. सरपण तोडणं आणि जाळ करणं हा त्याच्या पुढचा गुन्हा. गॅसचा छोटा स्टोव्ह घे. सहा जणांचा चहा आणि खिचडी होते, धूर नाही, राख नाही, सकाळी कातळावर काळा डाग नाही. त्या काळ्या डागांचा मला इतका राग आहे की त्यावर वेगळा धागा काढीन.

अभयारण्याबाहेर, परवानगीने, कुणाच्या खासगी जागेत लाकूड कापायचंच असेल तर घडीची करवत. सात-आठ इंची पात्याची, ओढताना कापणारी. मनगटाएवढी सुकी फांदी बसल्याजागी अर्ध्या-पाऊण मिनिटात निघते. हात थकलेला, बॅटरीचा उजेड, पायाखाली ओला कातळ, अशा वेळी कुऱ्हाड फिरवणारा माणूस मला ग्रुपमध्ये नको असतो. घाव निसटला तर तो नडगीवरच येतो, आणि मग आम्हाला बोलावतात. आणि जिथे दोर लावलेला आहे तिथे तर उघडी धार मी कुणाच्या हातात ठेवू देत नाही. ताणावर असलेल्या दोराला धार नुसती टेकली तरी पुरते.

तुझ्या बाबांचं वाचलं. माझी आत्या त्या रात्री सायनला शाळेत अडकली होती, म्हणून समजू शकते. पण बुडत्या गाडीत कुऱ्हाड फिरवायला जागाच नसते. स्टिअरिंग, सीट, पट्टा, छातीपर्यंत पाणी. हात मागे नेता आला तर घाव घालशील ना? दाराच्या काचा कडक केलेल्या असतात, त्यांना एका बिंदूवर टोकदार मार बसला की पूर्ण काचेचा भुगा होतो. त्यासाठी मुठीत मावणारा स्प्रिंगचा काच-फोड्या मिळतो, दाबला की टोक सुटतं. बरोबर पट्टा कापायचं पातं असतं. तो सीटखाली नाही ठेवायचा, पाण्यात हात घालून शोधत बसशील. किल्लीच्या जुडग्यात किंवा आरशाजवळ, हाताला लागेल तिथे. मारायचा तो खिडकीच्या कोपऱ्यात, मध्यावर नाही. आणि समोरच्या काचेच्या नादी लागायचं नाही. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर असतो, तडे जातात पण ती जागा सोडत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. काचेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, उद्या खाली उतरलास की वाचून ये.

फेकायला काय घ्यायचं ते काकांना विचार. ते मला जमत नाही, मला साधा चेंडूही नीट फेकता येत नाही.

---

कानस

रानजाईताई, करवतीचं पटलं. मी माझं कोयतीचं म्हणणं अर्धं मागे घेतो. अर्धंच. माझे काका ज्या रानात जायचे ते त्यांच्या वाटणीतलं होतं.

भटक्या, तुझ्या शंका.

चोगनचं डोकं जास्त भरीव आहे, कामाची कुऱ्हाड म्हणून उजवा. फेकायला शिकायचं तर ट्रेल हॉक, कारण लांब दांडा. दांडा लांब असला की गिरकी सावकाश होते, आणि नवशिक्याला सावकाश गिरकीच हवी. स्वस्तही आहे, म्हणजे फेकताना जीव खालीवर होत नाही. महाग हत्यार माणूस जपून फेकतो, आणि जपून फेकलेलं कधी रुतत नाही.

लागलाय का? मला लागलाय. चूक हत्याराची नव्हे, माझी. भाच्याने परसात बाभळीचा ओंडका उभा केला होता, वर्षभर सुकलेला, आणि उभा म्हणजे सालीची बाजू आमच्याकडे. बाभूळ सुकली की तिला खिळा जात नाही, तिथे टॉमाहॉक काय जाणार. त्यात मी आठ फुटांवर उभा, पायात स्लिपर. पहिल्याच फेकीला दांड्याचं टोक आपटलं आणि तो वळून सरळ माझ्याकडे आला. बूड नडगीवर बसलं. धार असती तर आज हे लिहिताना खुर्चीला काठी टेकवलेली असती. तीन आठवडे लंगडलो, बायकोला सांगितलं जिन्यावरून पडलो. तिला भाच्याने खरं सांगितलं, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा ओंडका मऊ लाकडाचा. सावर, रायवळ आंबा, नाहीतर परदेशी पॅकिंगचं पाइन. रे रोडला लाकडाच्या वखारी आहेत, तिथे पाइनच्या जाड फळ्या मिळतात. मुरबाडला वादळात पडलेला आंबा कोणाचातरी असतोच, त्याची एक फूट जाडीची चकती कापून घे. फेकायचं ते चकतीच्या तोंडावर, जिथे वर्षाची वलयं दिसतात. लाकडाचे धागे तुझ्याकडे तोंड करून असले की धार त्यांच्यामध्ये शिरते, झाडूच्या काड्यांत बोट घातल्यासारखी. आडव्या धाग्यांवर मारलंस तर उसळते. आदल्या रात्री चकतीवर दोन बादल्या पाणी ओत, लाकूड मऊ राहतं आणि लवकर उकलत नाही. जिवंत झाडावर कधी फेकायचं नाही. साल फुटली की कीड आत जाते. आणि सासरे बघत असतील, हेही लक्षात ठेव.

उभं राहायचं बारा-तेरा पावलांवर, पण पावलं म्हणजे एकाला एक टेकवलेली, चालण्याची नव्हेत. साधारण बारा फूट. तेवढ्या अंतरात त्याची एक पूर्ण गिरकी होते आणि धार परत पुढे येते. तुझी उंची, दांड्याची लांबी, हाताचा जोर, यावर दोन फूट इकडेतिकडे. मनगट मोडायचं नाही. खिळा ठोकताना मनगट मारतो तसं इथे करायचं नाही, पूर्ण हात खांद्यातून येऊ दे, समोर सरळ झाला की सोड. सोड म्हणजे फेकू नको, सुटू दे. जोर लावायची गरज नाही, तो स्वतःच्या वजनाने जातो. मी पहिला महिना जोर लावण्यात घालवला.

मग नेम दुरुस्त करायचा तो हाताने नाही, पायाने. दांड्याचं टोक आधी आपटलं तर गिरकी पुरी झालेली नाही, अर्धं पाऊल मागे जा. पात्याचा वरचा कोपरा आपटला आणि दांडा तुझ्याकडे वळला तर गिरकी जास्त झाली, अर्धं पाऊल पुढे ये. फेक बदलू नकोस. रुतायला लागलं की तिथे दगड ठेव, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू कर.

फेकणाऱ्याच्या मागे सगळे, बाजूला कोणी नाही. ओंडक्यामागे भिंत किंवा मातीचा बांध. पायात बूट. दोघं असाल तर दोघांचं फेकून झाल्याशिवाय कोणी उपटायला जायचं नाही. कोंबड्या बांधून ठेवा, हे मी गमतीने सांगत नाही. आणि धार वस्तऱ्यासारखी करू नकोस. फेकायच्या हत्याराला कानशीची धार पुरते, दगडावर पाजवायची गरज नाही. रुततं ते वजनाने, आणि बोट फिरलं तर कापलं जाऊ नये इतकी बोथट असलेली बरी.

---

भांडुपचा_भटक्या

ठरलं म्हणायचं. घडीची करवत आणि काच-फोड्या इथेच घेतो, काल गाडीची काच वाचली, कडक केलेलीच आहे. मेव्हण्याला सांगितलं काही आणू नकोस, विमानतळावर दिवाळी करायला लागू नये. तो खट्टू झाला. म्हणाला, मग बदाम आणतो.

काका, एक विचारतो. डोकंच इथे घडवून घेतलं तर? मुरबाडच्या बाजारात एक लोहार बसतो, सासऱ्यांचे विळे-कोयते तोच करतो. ट्रकच्या पाट्यातून लहान कुऱ्हाड, शेतीचीच म्हणून, कुदळीसारख्या नेढ्याची. त्याला जमेल का?

---

कानस

न जमायला काय झालं. पण त्याला टॉमाहॉक म्हणू नकोस, तो घाबरेल आणि दुप्पट पैसे सांगेल. म्हण, लहान कुऱ्हाड हवी, धार तीन बोटं, बूड चपटं, नेढं वरून दांडा घालायचं, वरच्या तोंडाला जरा मोठं. पाट्याचा तुकडा तूच ने, चोखंदळपणे निवड, तडा गेलेला नको. जुन्या पाट्यात केसाएवढी चीर असते, ती तापवल्यावर उघडते. रॉकेलमध्ये बुडवून पुसून काढ आणि वर खडू घास. चीर असली तर आतलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. पाणी फक्त धारेला पाजायला सांग, नेढ्याला आणि बुडाला नाही, तिथे मऊच राहू दे, नाहीतर नेढं फुटेल.

दांडा तासू नकोस. घडवून झालं की डोकं घेऊन लालबागला ये. धामणीचा एक तुकडा माळ्यावर पडलाय, बायको तो कधीची टाकून दे म्हणते.